रिकाम्या काट्यावर ८३८ किलो

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बाइट, इंट आणि लाँग या आकडे ठेवायच्या लहान-मोठ्या खणांत, म्हणजे टाइपांत, केवढा आकडा मावतो ते लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच अडचणीची निघाली. आकडा मावतो, तरी भलताच दिसतो. आणि तोही नेमका शून्याच्या खाली जायच्या वेळी. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे साइन्ड (उणेही होऊ शकणारे) आणि अनसाइन्ड (फक्त शून्य आणि अधिक) आकड्यांना दिलं आहे. मी हिंगणघाटकडे जिनिंगमधल्या काट्यांची आणि वावरातल्या पंपांच्या पॅनलची कामं करते, त्यामुळे पत्रांतूनही मी तशीच निवडली आहेत.

उत्तरांच्या आधी एक गोष्ट. बिटांवर, म्हणजे आकडा ज्यांनी लिहिला जातो त्या ० आणि १ च्या खुणांवर, उणे-अधिकचं चिन्ह कुठंही काढलेलं नसतं. आठच्या आठ बिट १ असले, तर तो आकडा २५५ आहे की उणे १, हे नुसत्या बिटांकडे पाहून कोणालाच सांगता येणार नाही. आपण ते साइन्ड म्हणून वाचतो की अनसाइन्ड म्हणून, त्यावर ते ठरतं. सेन्सर बनवणाऱ्यानं एका पद्धतीनं लिहिलं आणि आपण दुसऱ्या पद्धतीनं वाचलं, तर बोर्ड गरम होत नाही, प्रोग्राम अडत नाही. फक्त आकडा खोटा येतो. खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ हेच आहे.

प्रश्न : ताई, कापूस वेचणीसाठी म्या घरीच काटा बनवला. लोडसेल (वजनाचा सेन्सर), एचएक्स७११ (सेलचं माप आकड्यात देणारी चिप) अन् आर्डुइनोचा ऊनो बोर्ड. पारड्यावर गाठोडं ठेवलं का वजन बरोबर दाखवते, पण पारडं रिकामं केलं का कधी ० येते, कधी ८३८ किलो! वायरी साऱ्या तपासल्या. दोस्त म्हणते, ५०० किलोच्या वर गेलं तर शून्य दाखव असं प्रोग्राममधी टाकून दे. तसं करू, का सेल बदलू?
— एक कास्तकार, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, दोन्ही नका करू. सेल चांगला आहे आणि वायरीही चांगल्या आहेत. चूक तुम्ही पाठवलेल्या कोडच्या त्या चार ओळींत आहे, जिथं एचएक्स७११ कडून एक-एक बिट घेऊन तुम्ही तो अनसाइन्ड लाँगमध्ये सरकवता.

एचएक्स७११ चा आकडा २४ बिटांचा असतो आणि तो टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीनं येतो. २४ बिटांत एकूण १,६७,७७,२१६ वेगवेगळ्या रचना होतात. त्यांतली पहिली अर्धी, म्हणजे ० ते ८३,८८,६०७, ही शून्य आणि अधिक बाजूची. ८३,८८,६०८ पासून पुढची सगळी उणे बाजूची. त्यांतून १,६७,७७,२१६ वजा केले की खरा आकडा मिळतो. तुमचं पारडं रिकामं असताना सेलचा आकडा शून्याच्या आसपास हलतो. तो जरा खाली गेला, समजा उणे ३०० झाला, की चिप पाठवते १,६७,७६,९१६. तुमचा लाँग ३२ बिटांचा. खालचे २४ बिट भरले, वरचे आठ शून्यच राहिले, म्हणून प्रोग्राम तो सरळसरळ एक कोटी सदुसष्ट लाख समजतो. तुम्ही एका ग्रॅमला २० असा भागाकार ठेवला आहे. भागून बघा: ८,३८,८४५ ग्रॅम. तेच तुमचे ८३८ किलो. खरं वजन होतं उणे १५ ग्रॅम.

इथं पुष्कळ जण अनसाइन्ड खोडून नुसतं लाँग करतात आणि तरीही ८३८ च येतं म्हणून वैतागतात. येणारच. साइन्ड लाँग चिन्ह शोधतो ते बत्तिसाव्या बिटात, आणि तुमच्या चिपचं चिन्ह आहे चोविसाव्या बिटात. ते वरपर्यंत ओढून न्यावं लागतं. याला साइन एक्स्टेन्शन म्हणतात. सोपा मार्ग असा: २४ बिट अनसाइन्डमध्येच गोळा करा. मग तो आकडा इंट३२_टी, म्हणजे ३२ बिटांच्या साइन्ड, टाइपच्या व्हेरिएबलमध्ये घ्या. तो ८३,८८,६०७ पेक्षा मोठा असेल तर त्यातून १,६७,७७,२१६ वजा करा. एवढंच. भागाकार त्यानंतर. बाइट-बाइट घेऊन जोडत असाल तर आणखी एक सांभाळा: ऊनोवर इंट १६ बिटांचाच असतो, त्यामुळे वरचा बाइट १६ जागा सरकवण्याआधी तो ३२ बिटांत घ्यावा लागतो. नाही तर तो सरकून जातो कुठं याचा काही भरवसा नाही.

दुरुस्ती झाली की पारड्याखालून बोटानं हलकंसं वर ढकलून बघा. आकडा उणे दहा, उणे वीस असा खाली जायला पाहिजे. ही परीक्षा पास झाल्याशिवाय काटा वापरायला काढू नका.

आता दोस्ताचा सल्ला. तो मला अजिबात मान्य नाही, आणि कारण कोडचं नाही. ५०० च्या वर शून्य दाखवलं की ८३८ दिसणं बंद होईल, पण सेल उन्हानं उणेकडे सरकला आहे ही खबरही त्याच्यासोबत बंद होईल. रिकाम्या पारड्यावर शून्य दिसेल आणि प्रत्यक्षात काटा उणे ४० ग्रॅमवर बसलेला असेल. मग प्रत्येक गाठोडं ४० ग्रॅमनं हलकं भरणार. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते. दिवसभरात प्रत्येकीची किती गाठोडी काट्यावर येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. उणे आकडा दिसू द्या, आणि दिसला की काटा पुन्हा शून्यावर आणा.

एक कायद्याची गोष्टही. असा काटा घरच्या अंदाजापुरताच ठेवा. जिथं वजनावर पैसे ठरतात तिथं वैध मापनशास्त्र विभागानं पडताळून मुद्रांकित केलेला काटा लागतो; २००९ चा कायदा तसा आहे.

प्रश्न : संत्र्याच्या बागेसाठी सिमेंटचं टाकं आहे. वर अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला आहे. पाणी ३० सेंटिमीटरच्या खाली गेलं की मोटार बंद व्हावी असा प्रोग्राम लिहिला. ऊनोवर टाकं पूर्ण रिकामं झालं तरी मोटार चालूच राहिली आणि सील जळालं. तोच प्रोग्राम ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर टाकला तर बरोबर बंद होते. ऊनो खराब निघाला असं समजायचं का?
— एक बागायतदार, वरूड, जि. अमरावती

उत्तर : ऊनो चांगला आहे. हा प्रश्न मला या महिन्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण एकच ओळ दोन बोर्डांवर दोन अर्थांची होते हे यात उघड दिसतं.

तुमची ओळ अशी आहे: खोली वजा अंतर हे ३० पेक्षा कमी असेल तर मोटार बंद. खोली २५० आणि दोन्ही व्हेरिएबल यूइंट१६_टी, म्हणजे १६ बिटांची अनसाइन्ड. टाकं रिकामं झाल्यावर सेन्सरनं तळाचं अंतर २५० ऐवजी २५४ सांगितलं. एवढा फरक अशा सेन्सरला चालतोच, जरा तिरपा बसला तरी होतो. २५० वजा २५४ म्हणजे उणे ४.

सी भाषेचा नियम असा की इंटपेक्षा लहान टाइपचा आकडा हिशेबात आला की आधी त्याचा इंट करायचा. ईएसपी३२ वर इंट ३२ बिटांचा आहे. तुमचे १६ बिटांचे आकडे त्यात आरामात मावतात, म्हणून वजाबाकी साइन्ड इंटमध्ये झाली, उत्तर उणे ४ आलं, ते ३० पेक्षा कमी आहे, मोटार बंद. ऊनोवर इंट स्वतःच १६ बिटांचा. तिथं यूइंट१६_टी हा इंटपेक्षा लहान नाही. तो अनसाइन्ड इंटच आहे. म्हणून वजाबाकीही अनसाइन्ड राहिली आणि उत्तर आलं ६५,५३२. प्रोग्रामच्या दृष्टीनं टाक्यात ६५५ मीटर पाणी होतं. मोटार कशाला बंद करेल तो?

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक, दोन्ही व्हेरिएबल इंट१६_टी, म्हणजे १६ बिटांची साइन्ड करा. दोन, आणि मला स्वतःला ही जास्त आवडते, वजाबाकीच काढून टाका: अंतर अधिक ३० हे खोलीपेक्षा जास्त असेल तर मोटार बंद. २८४ हे २५० पेक्षा मोठं आहे हे दोन्ही बोर्डांवर सारखंच खरं आहे.

जाता जाता: प्रतिध्वनी परत आला नाही तर त्याची वेळ मोजणारं पल्सइन हे फंक्शन ० देतं. तुमच्या हिशेबात अंतर शून्य म्हणजे टाकं काठोकाठ भरलेलं. तो शून्य वेगळा पकडून मोटार बंद करा.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ठेवायच्या डीप फ्रीझरला नेहमीच्या तापमापकाशिवाय मी डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावून पाहिला. खोलीत तो २९ अंश दाखवतो, बरोबर आहे. फ्रीझरमध्ये ठेवला की हळूहळू शून्यापर्यंत उतरतो आणि मग एकदम चार हजारांच्या घरात जातो. काल सकाळी ४,०७८ होतं. सेन्सर थंडीत चालत नाही का?
— एक औषधनिर्माता, गडचिरोली जिल्हा

उत्तर : सेन्सर उणे ५५ अंशांपर्यंत चालतो आणि तुमचा उत्तम चालतो आहे. काल सकाळी तुमच्या फ्रीझरचं तापमान बरोबर उणे १८ होतं. हा सेन्सर एका अंशाचे १६ भाग करून १६ बिटांत पाठवतो. उणे १८ गुणिले १६ म्हणजे उणे २८८. तो आकडा अनसाइन्डमध्ये वाचला की ६५,२४८, आणि त्याला १६ नं भागलं की ४,०७८. दोन बाइट जोडल्यावर ते इंट१६_टी मध्ये घ्या, मगच १६ नं भागा. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस उणे १५ ते उणे २५ मध्ये ठेवतात, म्हणजे तुमचा फ्रीझर नीट होता.

आपल्या भागात उघड्यावर तापमान शून्याखाली जात नाही. त्यामुळे ही चूक वावरातल्या, घरातल्या, गोठ्यातल्या कोणत्याच यंत्रात दिसत नाही आणि वर्षानुवर्षं कोडमध्ये तशीच राहते. फ्रीझर आला की बाहेर पडते.

इथून डीएचटी२२ या दुसऱ्या तापमान-सेन्सरकडे जाणार असाल तर हाच उपाय तिथं उचलून लावू नका. डीएचटी२२ टूज कॉम्प्लिमेंट वापरत नाही. त्याचा सगळ्यात वरचा बिट १ असला तर आकडा उणे, आणि उरलेले १५ बिट सरळ मूल्याचे, अंशाच्या दहाव्या भागात. उणे १०.१ तो १०१ आणि वरचा बिट १ असा पाठवतो. ते इंट१६_टी मध्ये वाचाल तर उणे ३,२६६.७ दिसेल. दोन सेन्सर, दोन पद्धती, म्हणून डेटाशीटमधलं (कंपनीच्या माहितीपत्रकातलं) उणे तापमानाचं उदाहरण हातानं सोडवून बघितल्याशिवाय ती ओळ लिहू नये.

गजराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. ४,०७८ ला गजर वाजला तर ठीक. उगाच वाजला एवढंच. पण तोंडातून सहज निघतं की सेन्सरची कमाल १२५, त्याच्या वरचा आकडा म्हणजे सेन्सरची चूक, तो सोडून द्या. तसं लिहिलं की शून्याखालचं प्रत्येक माप फेकलं जाईल आणि वीज जाऊन फ्रीझर उणे १८ चा उणे २ झाला तरी गजर गप्प राहील. शिवाय या सेन्सरची नेहमीची लायब्ररी तार तुटली की उणे १२७ देते. तो आकडा अनसाइन्ड बाइटमध्ये ठेवला तर १२९ होतो आणि तुटलेली तार ओळखूच येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे या आठवड्यात थ्री-फेज लाइन रात्रीची आहे. ड्रिपचा एकेक व्हॉल्व्ह ४० मिनिटं चालावा म्हणून ऊनोवर टायमर केला. ४० गुणिले ६० गुणिले १००० असं लिहून उत्तर अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवलं. सकाळी बघतो तर रात्रभर पहिलाच व्हॉल्व्ह चालू. २० सेकंदांवर करून बघितलं होतं तेव्हा बरोबर चाललं होतं. असं का?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : उत्तर ठेवायचं भांडं मोठं घेतलंत, पण गुणाकार लहान भांड्यात झाला. बरोबरच्या (=) चिन्हाच्या उजवीकडे नुसते ४०, ६०, १००० आहेत. हे तिन्ही ऊनोसाठी १६ बिटांचे साइन्ड इंट, म्हणून गुणाकारही तिथंच होतो. ३२,७६७ ही त्याची कमाल. तुमचं उत्तर २४,००,०००. साइन्ड आकडा असा फुटला, म्हणजे खणात न मावता बाहेर गेला, तर पुढं काय व्हावं हे सी भाषा सांगतच नाही. प्रत्यक्षात बहुधा खालचे १६ बिट उरतात: ४०,७०४, जे साइन्ड वाचलं की उणे २४,८३२. हा उणे आकडा मग अनसाइन्ड लाँगमध्ये गेला आणि झाला ४,२९,४९,४२,४६४. मिलिसेकंदांत हे जवळपास ४९.७ दिवस होतात. तुमचा टायमर व्हॉल्व्ह तेवढे दिवस उघडा ठेवायला निघाला होता. २० सेकंद म्हणजे २०,०००, ते इंटमध्ये मावलं, म्हणून चाचणीत काही कळलं नाही.

आकड्यांच्या मागे यू आणि एल ही दोन अक्षरं जोडा, म्हणजे गुणाकारच अनसाइन्ड लाँगमध्ये होईल. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये कम्पायलर वॉर्निंग्ज 'ऑल' वर ठेवा. या ओळीला कम्पायलर स्वतःहून सांगतो की गुणाकार फुटतो आहे. त्या बंद असल्या तर त्याचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आता वेळ मोजण्याची ओळ. तुम्ही लिहिलं आहे: मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) हे सुरुवात अधिक कालावधीपेक्षा मोठं झालं की थांब. ते बदला: मिलिस वजा सुरुवात हे कालावधीइतकं किंवा जास्त झालं की थांब. कागदावर दोन्ही सारखंच, बोर्डावर नाही. मिलिस हा ३२ बिटांचा अनसाइन्ड आकडा ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येतो. जुन्या चाकांच्या वीज मीटरचं जसं होतं तसं हे: मागचं रीडिंग ९९,९८० आणि आताचं ०००३० असेल तर वापर ५० युनिट, हे मीटर वाचणाऱ्याला बरोबर काढता येतं, कारण तो फरक काढतो आणि चाक एकदा फिरलं हे धरून चालतो. अनसाइन्ड वजाबाकी नेमकी तेच करते, तीही भाषेच्या नियमानं, नशिबानं नाही. मात्र बेरीज करून तुलना केली की बेरीज आधी फिरते आणि व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो. सुरुवात, कालावधी आणि मिलिस तिन्ही अनसाइन्ड लाँगच ठेवा. यातलं एक जरी इंट केलंत तरी ३३ सेकंदांच्या आत गडबड सुरू.

लाइन रोज जाते, बोर्ड रोज नव्यानं सुरू होतो, तोवर ही दुसरी चूक लपून राहते. बॅटरीवर ठेवलेल्या बोर्डावर ती कधी ना कधी समोर येतेच. हे फक्त आपल्यासारख्यांचं नाही. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला होता, कारण वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रकांमधला एक गणक फुटून ते नियंत्रक बंद अवस्थेत जाऊ शकत होते. सेकंदाच्या शंभराव्या भागानं मोजलं, तर ३२ बिटांचा साइन्ड आकडा साधारण २४८ दिवसांनी भरतो.

प्रश्न : गावच्या वाचनालयासाठी एलईडी पाटीवर मराठी सूचना फिरवायचा प्रोग्राम सी मध्ये लिहिला आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो, लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरं चालतात आणि मराठी आलं की बंद पडतो.
— एक वाचक, अकोट, जि. अकोला

उत्तर : कॅर हा अक्षराचा टाइप साइन्ड की अनसाइन्ड, हे सी भाषेनं कम्पायलर बनवणाऱ्यांवर सोडलं आहे. तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर तो साइन्ड असतो, रास्पबेरी पायच्या एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. इंग्रजी अक्षरं १२७ च्या आत संपतात, म्हणून दोन्हीकडे सारखी. आपलं 'म' हे अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांचं. साइन्ड कॅरमध्ये ते होतात उणे ३२, उणे ९२, उणे ८२, आणि तुम्ही त्याच आकड्यानं २५६ घरांच्या तक्त्यात शोधता. उणे बत्तिसावं घर तक्त्यात नाही. बाइट अनसाइन्ड कॅरमध्ये घ्या.

आणि फाइल वाचताना गेटसी या एकेक बाइट वाचणाऱ्या फंक्शनचं उत्तर कॅरमध्ये ठेवलं आहे, ते इंटमध्ये ठेवा. फाइल संपल्याची खूण उणे १ आहे. ती अनसाइन्ड कॅरमध्ये २५५ होते आणि पाय वर तुमचा लूप कधीच थांबणार नाही.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर सांगतात, लांबी, वजन, संख्या कधी उणे नसतात म्हणून त्यांना अनसाइन्डच वापरा. वरच्या वर्गातली ताई म्हणते, शक्यतो साइन्डच वापर. कोणाचं ऐकू? आणि दुसरं: माझ्या जावामधल्या मोबाइल ॲपमध्ये बोर्डाकडून आलेला २०० हा बाइट उणे ५६ का दिसतो? जावामध्ये तर अनसाइन्ड नसतंच ना?
— एक विद्यार्थिनी, पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : सरांचं म्हणणं आकड्यापुरतं खरं आहे. लांबी उणे नसते. पण दोन लांबींमधला फरक उणे असतो, आणि प्रोग्राममध्ये आपण बहुतेक वेळ फरकच काढत असतो. म्हणून माझं मत ताईच्या बाजूनं आहे. गूगलच्या सी++ लेखन-नियमांतही हेच सांगितलं आहे: आकडा उणे नसतो एवढं दाखवायला अनसाइन्ड वापरू नका.

उलटा लूप लिहून बघ. आय हा अनसाइन्ड, एन वजा १ पासून सुरू, आय शून्याइतका किंवा मोठा असेपर्यंत चालू, दर फेरीत एक कमी. अनसाइन्ड आकडा शून्यापेक्षा लहान कधी होणारच नाही. शून्यातून एक वजा झाला की तो ४,२९,४९,६७,२९५ होतो आणि लूप ॲरेच्या बाहेर धावत सुटतो. दुसरं उदाहरण: रीड हे फंक्शन चूक झाली की उणे १ देतं. ते साइझऑफच्या (मेमरीतली लांबी सांगणाऱ्याच्या) अनसाइन्ड उत्तराशी थेट ताडून पाहिलं, तर साइन्ड आणि अनसाइन्ड समोरासमोर येतात, नियमानं उणे १ चा अनसाइन्ड केला जातो, आणि चूक झालेलं वाचन सगळ्यात मोठं वाचन ठरतं.

उलट दिशेनंही फसतं, आणि तिथं धोका जास्त. लांबी साइन्ड इंटमध्ये घेतली, ती कमाल मर्यादेपेक्षा मोठी नाही एवढंच तपासलं, आणि कॉपी करायला मेमकॉपी या फंक्शनला दिली. कोणी मुद्दाम उणे लांबी पाठवली तर ती मर्यादेपेक्षा लहानच आहे, तपासणीतून सुटते, आणि मेमकॉपीला अनसाइन्ड लांबी लागते म्हणून तिथं अवाढव्य होते. २००२ साली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, अशीच त्रुटी सापडली. ॲक्सेप्ट, गेटसॉकनेम आणि गेटपीअरनेम या तीन सिस्टिम कॉलना उणे लांबी दिली की कर्नलच्या मेमरीचा मोठा तुकडा साध्या वापरकर्त्याच्या हाती येत होता. शून्यापेक्षा लहान आहे का, ही एक तपासणी राहिली होती.

मी काय करते ते सांगते. रजिस्टर (चिपमधले बिटांचे खण), मास्क (हवे ते बिट निवडायचा साचा), सीआरसी (डेटा तपासायचा आकडा), आणि मिलिससारखे फिरून शून्यावर येणारे गणक अनसाइन्ड. जिथं बेरीज-वजाबाकी करून माणसाला दाखवायचा आकडा आहे, तिथं साइन्ड आणि ऐसपैस. मेमरीची लांबी साइझ_टी या अनसाइन्ड टाइपमध्येच, कारण लायब्ररीला तेच लागतं, पण वजाबाकीच्या आधी कोणता मोठा ते बघून. साइन्ड आकडाही फुटू द्यायचा नाही. 'ए अधिक १०० हे ए पेक्षा लहान झालं का' अशी तपासणी कम्पायलर सरळ काढून टाकू शकतो, कारण साइन्ड बेरीज फुटतच नाही असं धरून चालायची त्याला मुभा आहे.

जीसीसी हा कम्पायलर वापरत असशील तर वॉल, एक्स्ट्रा आणि साइन-कन्व्हर्जन या तिन्ही वॉर्निंग लाव. शेवटची पहिल्या दोघींत आपोआप येत नाही, ती वेगळी मागावी लागते. वॉर्निंग आली की कंसात टाइप लिहून, म्हणजे कास्ट टाकून, तिला गप्प करायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. मला दुरुस्तीला आलेल्या कोडमध्ये बरेचदा चूक नेमकी त्या कास्टखालीच सापडते: कम्पायलरनं बोट ठेवलं होतं आणि कोणीतरी ते बाजूला सारलं होतं. लॅपटॉपवर कम्पायलरचा अनडिफाइन्ड सॅनिटायझर हा तपासनीस लावून चालवलंस तर साइन्ड आकडा फुटलेली जागा तो ओळीसकट दाखवतो. फक्त लक्षात ठेव, लॅपटॉपचा इंट ३२ बिटांचा आहे. ऊनोवर फुटणारा गुणाकार तिथं सुखरूप पार पडेल. म्हणून बोर्डासाठीच्या कोडमध्ये इंट असं मोघम न लिहिता इंट१६_टी, इंट३२_टी असं बिटांसकट लिहीत जा.

जावाचं. तिथं कॅर सोडला तर अनसाइन्ड टाइप नाही हे बरोबर, आणि नेमकं म्हणूनच तुला उणे ५६ दिसतं. जावाचा बाइट साइन्ड आहे, उणे १२८ ते १२७. बोर्डानं २०० पाठवला, जावानं तेच आठ बिट आपल्या पद्धतीनं वाचले: २०० वजा २५६. बिट हरवलेले नाहीत. त्या बाइटचा २५५ शी अँड (बिटाला बिट ताडणारी & ही क्रिया) कर आणि उत्तर इंटमध्ये ठेव, २०० परत मिळेल. दोन बाइट जोडून आकडा करत असशील तर दोन्हींचा अँड आधी कर आणि मग जोड, नाही तर खालच्या बाइटचं उणे वरच्यालाही बिघडवेल.